उघडी वीट

माझ्या मावसबहिणीला घरात सगळे मापटं म्हणत, कारण ती जाईल तिथली मापं घ्यायची. दाराची, खिडकीची, पायरीची, पाहुण्यांच्या घरातल्या ओट्याची. टेप जवळ नसेल तर वितीनं, आणि वीत टेकवायची लाज वाटली तर नुसत्या डोळ्यांनी. काका, म्हणजे तिचे वडील, म्हणायचे, "हिला कुणाकडे नेऊ नका. ही त्यांच्या घराची मापं घेते आणि आपण निघालो की ते आपली मापं काढतात." मी तिला ताई म्हणते. एम.ए.ला होते तेव्हा मी मावशीकडे राहायचे, आणि ताईचं ते कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

मावशी ग्रंथालयात कामाला होती, देवघेवीच्या टेबलावर. पुस्तक घेणं, देणं, शिक्का मारणं. घर ग्रंथालयाच्या मागच्याच गल्लीत. त्यामुळे ताईचं लहानपण त्या इमारतीत गेलं असं म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची आणि दारं बंद व्हायच्या वेळी आईबरोबर घरी यायची.

ती इमारत बघायला बाहेरगावचे लोक येतात. बाहेरून नुसती भाजक्या विटेची लांबलचक भिंत. गिलावा नाही, रंग नाही, बागेच्या बाजूला एकही खिडकी नाही. आत पाऊल टाकलं की मात्र माणूस थबकतो. छतात उत्तरेकडे तोंड केलेल्या तिरक्या फटी आहेत. त्यांतून ऊन येत नाही, फक्त उजेड येतो, गाळून घेतल्यासारखा. पुस्तकावर आपल्या हाताचीही सावली पडत नाही. दालनातून वर जाणारा जिना इतका सावकाश चढतो की आपण चढतोय हे पायांना कळत नाही. त्या जिन्यावर आलं की लोक आपोआप हळू बोलायला लागतात. 'शांतता राखा' अशी पाटी त्या इमारतीत कुठेही नाही.

ती ज्यांनी बांधली ते आर्किटेक्ट फार मोठे. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. ताई लहान असताना ते एकदा इमारतीचे फोटो काढून घ्यायला आले होते. वाचत बसलेल्या लोकांना उठवून बाहेर उभं केलं, टेबलावरची पुस्तकं उचलली, मावशीला देवघेवीच्या टेबलामागून बाजूला केलं. "फोटोत माणसं नकोत," असं सर फोटोवाल्याला सांगत होते. ताई भिंतीला तळहात लावून उभी होती. सर तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "लाव, लाव हात. वीट खोटं बोलत नाही, बाळ."

झालं. त्या दिवसापासून ताईचं ठरलं.

डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एखाद्या ऑफिसात जाऊन काम शिकावं लागतं. ताईनं दुसरीकडे कुठे अर्जसुद्धा केला नाही. सरांच्या ऑफिसातून होकार आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि रडली. मावशी म्हणाली, "अगं, नोकरी लागली की गेली?"

पहिल्या संध्याकाळी ती घरी आली ती नवे शब्द घेऊन. सरांच्या ऑफिसात खोलीला खोली म्हणत नाहीत, अवकाश म्हणतात. अवकाश बोलतो, अवकाश श्वास घेतो, अवकाश माणसाला घडवतो.

काका ताटावरून म्हणाले, "मग आपल्या घरात कुणी घडलं नाही ते बरोबरच आहे. अवकाशच नाही."

"मला तर सुटीच्या दिवशीही नसतो," मावशी म्हणाली. "काम काय दिलं तुला?"

ताई हसायला लागली. "संडास."

"काय?"

"अगं, पद्धत आहे तिथली. ग्रंथालयाला मुलांसाठी नवा विभाग जोडायचाय ना, त्याचे संडास मी काढायचे. ऑफिसात म्हणच आहे, नव्या मुलीला संडास. मुलगा आला तरी असंच म्हणतात. पायरी असते ती."

"पायखान्याची पायरी," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

ताईला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट सरांचं छत, सरांचा जिना आणि कोपऱ्यात आपली एवढीशी रेघ, याचंच तिला अप्रूप होतं. ऑफिसची रोजची हकीकत ती आम्हाला सांगायची. लांब पांढरी टेबलं, त्यांवर पुठ्ठ्याच्या छोट्या इमारती. त्या इमारतींत उभी करायला नखाएवढी कागदी माणसं असतात, ती एका डबीत ठेवलेली. सर बघायला आले की म्हणतात, "माणसं काढा जरा," आणि मग कुणीतरी चिमट्यानं एकेक माणूस उचलून डबीत टाकतं. सरांच्या हाताखाली एक मॅडम आहेत, केस पिकलेल्या, फार कमी बोलणाऱ्या. कुठलाही नकाशा त्यांची सही झाल्याशिवाय बाहेर जात नाही.

मग ग्रंथालयाचा सोहळा ठरला. इमारतीला बरीच वर्षं पूर्ण झाली होती, त्याच दिवशी नव्या विभागाचंही जाहीर करायचं होतं. सरांनी ताईला बोलावलं. म्हणाले, "तू या इमारतीत वाढलीस म्हणे. लिही तिच्यावर. टीका-समीक्षा नको, रसग्रहण लिही. कार्यक्रमात तूच वाच." आणि दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "चांगलं जमलं तर कॉलेज संपल्यावर दुसरीकडे बघू नकोस. इथेच राहा."

त्या एका वाक्यावर ताई कितीतरी दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होती. तिला दुसरं काहीच नको होतं. त्या ऑफिसात टेबल, त्या टेबलावर तिची पेन्सिल.

लिहायला मात्र तिला सुचेना. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायची आणि मला विचारायची, "मोठ्या जिन्याला चांगला शब्द सांग ना." मी म्हणायचे, "जिना." "अगं, मोठा शब्द." "मोठा जिना." ती कागदाचा बोळा मला फेकून मारायची.

अशाच एका संध्याकाळी मावशी कामावरून आली. तिची घरी यायची एक रीत होती. दार उघडलं की चपला न काढता तडक मोरीच्या शेजारच्या दारात शिरायची. बाहेर आली की पिंपाजवळ उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी गटागटा प्यायची, हनुवटीवरून ओघळ यायचा, आणि मग कुठे चपला निघायच्या. काका म्हणायचे, "आली आगगाडी. आधी वाफ सोडणार, मग पाणी भरणार." आम्ही सगळे हसायचो. मावशीही हसायची. तिला मुतखड्याचा त्रास होता. डॉक्टर दर वेळी पाणी प्या, पाणी प्या म्हणून ओरडायचे आणि मावशी मान डोलवून यायची. मला ती एक सवय वाटायची, जशी कुणाला नखं खायची असते.

त्या दिवशी ताई वाचून दाखवत होती, "उघड्या विटेत लपवायला काही नसतं. ती जशी आहे तशी समोर उभी राहते." मग तिनं विचारलं, "आई, तू एवढी वर्षं तिथे आहेस. तुला तिथलं सगळ्यात काय आवडतं?"

"सुटी," मावशी म्हणाली.

"आई! नीट सांग. या विटांबद्दल काय वाटतं तुला?"

मावशीनं तांब्या पालथा घातला. "वीटच येतो," ती म्हणाली.

आम्ही हसलो. ताईनं ते कागदाच्या कडेला लिहूनसुद्धा घेतलं, गंमत म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी ताईला ग्रंथालयात जाऊन जुन्या संडासाची मापं आणायला सांगितलं. नवे नळ जुन्या गटारालाच जोडायचे होते. दालनाच्या टोकाला वाचकांसाठी एक ठीकठाक संडास आहे, कर्मचाऱ्यांना तो वापरायची परवानगी नाही; तिथलं माप तिनं घेतलं. पण नकाशात आणखी एक दाखवला होता, कर्मचारी, स्त्रिया. तो तिला सापडेना. लहानपण तिथे घालवलेल्या मुलीला सापडेना, कारण ती तिथे कधी गेलीच नव्हती. लहानपणी लागली की मावशी म्हणायची, "पळ, घरी जाऊन ये," आणि ती मागच्या गल्लीत पळायची.

शेवटी मावशीच टेबलावरून उठली, तिला जिन्याखाली घेऊन गेली आणि एक अरुंद दार दाखवून परत फिरली. "नाकाला रुमाल लाव," एवढंच म्हणाली.

ते मला ताईनं नंतर सांगितलं, आणि मी हट्टानं जाऊन बघूनही आले, म्हणून सांगते. तो सुंदर जिना जिथून चढायला लागतो तिथे त्याच्या पोटाखाली तो संडास आहे. जिना सावकाश चढतो म्हणून त्याखालचं छतही सावकाशच वर जातं. भांडं जिथे बसवलंय तिथे मोठ्या माणसाला उभं राहता येत नाही, कंबरेत वाकूनच आत जायचं. दार आत उघडतं आणि भांड्याच्या कडेला आपटतं. ते लावायचं तर आधी भांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहायचं, अंग चोरायचं, मग पाठीमागून दार ओढायचं. कडी गंजून गेलेली, तिच्या जागी दोरी. खिडकी नाही, कारण पलीकडे ती बागेकडची भिंत, आणि त्या भिंतीला भोक पाडायचं नव्हतं. वास बाहेर जायला जो पाइप लागतो तो छताच्या वर नेलेला नाही, कारण वर नेला असता तर उत्तरेच्या फटींतून दिसला असता. तो मध्येच संपतो. वास वर जातो आणि तसाच खाली उतरतो.

डबडं तारेनं नळाला बांधलेलं. फरशीवर पिवळी चिकट साय. कचऱ्याला डबा ठेवायला जागाच नाही, म्हणून विजेच्या मीटरच्या कोनाड्यात वर्तमानपत्राच्या पुड्या कोंबलेल्या, कुणाकुणाच्या, कधीकधीच्या, काही तपकिरी होऊन उघडलेल्या. त्यांवर चिलटं. भिंतींना पांढऱ्या फरश्या, त्यांच्या सांध्यांत काळं. साऱ्या इमारतीत तेवढ्याच जागी वीट झाकलेली होती.

ताईनं माप घेतलं. टेपचं एक टोक तिनं खाली टेकवलं आणि ओलं झालेलं बघितलं. मग तिथेच ओकली.

त्या संध्याकाळी आगगाडी आली, वाफ सोडली, पाणी भरलं. ताई टेबलाशी बसून होती. तिनं हात इतक्यांदा धुतले होते की बोटं सुरकुतली होती.

"आई, तू दिवसभर पाणी पितेस का गं?"

"नाही."

"अजिबात?"

"आम्ही कुणीच पीत नाही. चहा आला तर अर्धा. उन्हाळ्यात ओठाला लावतो नुसतं." मावशी चपला काढत होती. "जाड्या बाई आहेत ना आमच्या, त्या एकदा आत अडकल्या होत्या. दार उघडेना. तेव्हापासून तर नकोच वाटतं."

"आणि तुझे मुतखडे?"

"ते काय आर्किटेक्टनं काढलेत?"

"मला कधी का नाही सांगितलंस?"

मावशी हसली. "काय सांगायचं? हे लोक लांबून बघायला येतात, तेव्हा त्यांना सांगू, इमारत छान आहे हो, पण मला लागलीय?" चपला कोपऱ्यात सरकवून ती म्हणाली, "तू तिथे काय खुशीत बसायचीस. भिंतीला गाल लावून. मी टेबलावरून बघायची. वाटायचं, आपण पाय आवळून बसलोय खरे, पण हिला तरी काही मिळतंय."



"घराची कळा अंगण सांगतं म्हणतात," मावशी म्हणाली. "अंगण कसलं सांगतंय डोंबलाचं. झाडून पुसून ठेवतात ते. घराची कळा संडास सांगतो." आणि कणीक मळायला लागली.

ताई दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली आणि मॅडमांच्या टेबलाशी उभी राहिली. "जिन्याखालचा संडास कुणी काढला होता?"

मॅडमांनी मान वर केली नाही. "मी."

"तुम्ही?"

"नव्या मुलीला संडास. तेव्हा मी नवी होते. सर जिना आखून घरी निघाले आणि जाताजाता म्हणाले, खाली उरेल त्यात बसव. बसवला."

"दार आत उघडतं."

"बाहेर उघडलं असतं तर दालनातून दिसलं असतं."

"तुम्ही आत गेलात कधी?"

"मला कशाला जावं लागणार होतं?" मॅडम म्हणाल्या. पेन्सिल तशीच हातात राहिली. मग त्या म्हणाल्या, "उद्घाटनाच्या दिवशी गेले होते. सकाळपासून दाबून धरली होती. गेले आणि तशीच परत आले. त्या दिवसापासून त्या इमारतीत मी चहा घेत नाही."

ताईला वाटलं होतं, तिला मॅडमांचा राग येईल. आली ती शिसारी, आणि ती कुणा एकाची नव्हती. त्या पांढऱ्या टेबलांची, डबीतल्या कागदी माणसांची, अवकाश या शब्दाची, स्वतःच्या कागदावरच्या त्या वाक्याची. उघड्या विटेत लपवायला काही नसतं! घरी येऊन ती म्हणाली, "ते वाक्य वाचलं तरी तोंडाला तो वास येतो."

तरी तिनं ते रसग्रहण फाडलं नाही. वाईट याचं होतं की इमारत अजूनही तितकीच सुंदर होती. ती मुद्दाम जाऊन दालनात बसली. उजेड तसाच खाली येत होता, शांत, एकसारखा, कुणाचंही काही न ऐकल्यासारखा. "नासका निघाला असता तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "टाकून देता आला असता." तिनं लेखातला एकही गौरव खोडला नाही. जिन्याचं जे होतं ते ठेवलं आणि त्याच्याखाली एक परिच्छेद घातला: या जिन्यामुळे वरचे लोक हळू बोलतात, आणि त्याच्या पोटात जे आहे त्यामुळे खालच्या बायका पाणी पीत नाहीत. शेवटी मावशीचं वाक्य, घराची कळा संडास सांगतो.

सरांनी लेख वाचला. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, स्वच्छ रुमालानं पुसला आणि प्रेमानं म्हणाले, "छान लिहितेस. डोळा आहे तुला. हा एवढा परिच्छेद काढ."

"पण सर, ते खरं आहे."

"खरं असेल की. पण रसग्रहण आहे ना हे? रस राहू दे, ग्रहण नको." आपल्या शब्दावर ते खूश झाले. "आणि बेटा, ते आपलं काम नाही. आपण अवकाश घडवतो. त्यात नळ कुठे गळतो ते नळवाला बघतो."

ताई घरी आली. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. मावशीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "काढून टाक तो परिच्छेद. माझं आता राहिलंय किती? तुझं सगळं व्हायचंय."

"तू गप्प बस गं."

"गप्पच बसतेय. पाय आवळून."

सोहळ्याच्या दिवशी दालन माणसांनी भरलं होतं. सकाळचा कार्यक्रम, छतातून उजेड ओतू चाललेला. देवघेवीचं टेबल बाजूला सरकवून तिथे फुलं ठेवली होती. मावशी आणि तिच्या बरोबरीच्या बायका मागे भिंतीशी उभ्या. ताईच्या हातात दोन लेख होते, परिच्छेदासकट एक, परिच्छेदाशिवाय एक. कुठला वाचायचा ते तिचं ठरलेलं नव्हतं. तोंड कोरडं पडलं होतं आणि समोर पाण्याचा पेला असूनही ती पीत नव्हती.

पाहुण्यांची भाषणं लांबली. सरांचं वय झालेलं, साखरेचा आजार, आणि आल्याआल्या दोनदा चहा झालेला. ते खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मग हळूच उठले, बाजूला उभ्या असलेल्या ताईजवळ आले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "इथे बाथरूम कुठे आहे गं?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ते थट्टा करतायत.

वाचकांचा संडास गटाराच्या दुरुस्तीसाठी बंद होता. तिनं त्यांना जिन्याखाली नेलं. दार बघून सर क्षणभर थांबले, पण थांबायची सोय नव्हती. ते वाकले. आत कुठेतरी डोकं आपटल्याचा आवाज झाला. दार लावायला जमेना. "धर जरा बाहेरून," आतून आवाज आला. ताई दोरी धरून, तोंड फिरवून उभी राहिली. दालनात भाषण चाललं होतं. या वास्तूत मानवी मूल्यांचा विचार पावलोपावली जाणवतो, असं कुणीतरी म्हणत होतं. टाळ्या पडल्या. आत डबड्याची तार नळावर वाजत होती.

सर बाहेर आले ते नाकाला रुमाल लावून. बुटाला काहीतरी लागलं होतं, ते जिन्याच्या पहिल्या पायरीच्या कडेला घासून पुसत म्हणाले, "शी! किती घाण. कसे राहतात हे लोक? चांगली वास्तू मिळाली तरी वापरता येत नाही यांना."

ताईनं हातातली दोरी सोडली.  ती त्यांच्या मागोमाग दालनात आली, तोवर तिचं नाव पुकारलं गेलं होतं. माइकपुढे तिनं दोन्ही लेख टेबलावर ठेवले. आधी जिन्याबद्दल बोलली, उजेडाबद्दल बोलली, न वाचता, आणि ते फार चांगलं बोलली. मी तिला इतकं चांगलं बोलताना ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "या इमारतीनं मला हे काम शिकायला लावलं, आणि हिचा मला वीटही आला. सर आत्ताच जिन्याखाली जाऊन आलेत. आपणही सगळ्यांनी जाऊन या. एकेकानं जा, वाकून जा. इथल्या बायका गेली कित्येक वर्षं तिथे जायला नको म्हणून पाणी पीत नाहीत." एवढं बोलून समोरचा पेला तिनं उचलला, पाणी प्यायली आणि खाली उतरली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर मात्र हसत होते, लहान मुलानं पाहुण्यांसमोर काहीतरी बोलावं तसे. मागे भिंतीशी जाड्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. मावशी फुलांकडे बघत होती.

ऑफिसातून ताईला पुन्हा बोलावणं आलं नाही. तिनं आपला अर्धवट नकाशा घरीच पुरा केला. संडास तिनं उत्तरेच्या भिंतीला नेले, त्यांतच एक कर्मचारी बायकांसाठी धरला, सरांच्याच छतातली एक फट त्यांच्यावर वाढवली, दारं बाहेर उघडणारी केली, आणि नकाशा मॅडमांच्या नावे पाकिटात घालून पाठवून दिला. मॅडमांनी काही कळवलं नाही. पण भिंती उभ्या राहिल्या तेव्हा त्या तशाच राहिल्या. नकाशावर मॅडमांची सही होती.

ताई आता एका लहानशा ऑफिसात आहे. शाळा, दवाखाने, अशी कामं. तिथे ती आधी संडास आखते आणि मग बाकीची इमारत. ऑफिसातले तिला संडासवाली म्हणतात. काका म्हणतात, "मापट्याचं नाव बदललं, गुण तोच." सुटीच्या दिवशी ती अजूनही जुन्या दालनात जाऊन बसते. का जातेस विचारलं तर म्हणते, "उजेड चांगला आहे." आणि तोंड कडू करते.

नवा विभाग सुरू झाल्यावर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तो आला. आत सरांची मुलाखत. मासिकं आली की त्यांवर ग्रंथालयाचा शिक्का मारायचं काम मावशीचं. मी तेव्हा पुस्तक परत करायला गेले होते. तिनं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. उत्तरेच्या उजेडातल्या संडासाचा पानभर फोटो होता, माणसं नव्हती. खाली ठळक अक्षरांत सरांचं वाक्य होतं: 'मी आयुष्यभर मानत आलो, घराची कळा संडास सांगतो.'

"मावशी, हे तुझं वाक्य."

"हं."

"ताईला दाखवायचं?"

"दाखव. ओकेल पुन्हा." मावशीनं शिक्का शाईच्या गादीवर चांगला दाबला. शेजारच्या पानावर सरांचा हसरा चेहरा होता. शिक्का मारायला पानावर पुष्कळ मोकळी जागा होती. तिनं तो त्यांच्या तोंडावर मारला, पालथ्या मुठीनं दाबला आणि मासिक मांडणीवर ठेवून दिलं.

मग टेबलाखालून बाटली काढून तिनं निम्मी संपवली. घरी जायला अजून बराच अवकाश होता.